तिठ्यावरचा माझा बॅनर उतरवा : आमच्या वाडीच्या मंडळाला खुलं पत्र

अध्यक्ष भाईकाका, सेक्रेटरी, खजिनदार, मुंबईची कमिटी, गावची कमिटी आणि मे महिन्याच्या पूजेला आलेले सगळे चाकरमानी नि गाववाले,

नमस्कार. पत्र उघड लिहितेय कारण बॅनर पण उघडच लागलाय. आपल्या ग्रुपवर टाकलं असतं तर वरून चार गुड मॉर्निंग नि एक आंब्याच्या पेटीचा भाव आला असता आणि माझं म्हणणं खाली वाहून गेलं असतं.

चार-पाच दिवसांपूर्वी तिठ्यावर एसटीतून उतरले तर समोर मीच. दहा फुटी फ्लेक्स, फोटो माझ्या लग्नातला नथीसकट, नवऱ्याला कापलाय पण त्याचा एक खांदा राहिलाय तो कोणाचा हे बघणाऱ्याने ठरवायचं, आणि खाली मोठ्या अक्षरात "एमआरआयला स्वस्त पर्याय शोधणाऱ्या व विजेच्या साहाय्याने पाच मिनिटांत कॅन्सरचे निदान करणाऱ्या आमच्या वाडीच्या सुकन्येचे हार्दिक अभिनंदन". रिक्षावाल्याने बॅनरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नि विचारलं, "ह्यां तुमीच काय?" मी म्हटलं नाय, बहीण असेल.

तुमचं प्रेम कळतं हो. लहानपणी ज्यांच्या ओटीवर बसून भुईमूग खाल्ले त्या माणसांनी वर्गणी काढून बॅनर लावलाय, त्याच्यावर रागवायचं कसं. चार दिवस मी गप्पच होते. पण त्या चार दिवसांत पाच जण प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्ट घेऊन आमच्या पडवीत येऊन गेले, आणि त्यातली एक बाई (कोण ते सांगणार नाही, शोधू पण नका) म्हणाली की डॉक्टरनी गाठीचा तुकडा काढून तपासायला सांगितलंय पण मी थांबलेय, तू येणार होतीस ना, तुझी वीज लावून बघ आधी. दोन आठवडे थांबलेली ती. बॅनर वाचून.

म्हणून हे पत्र.

पहिलं सांगायचं ते सांगून टाकते. मी एमआरआयला पर्याय शोधलेला नाही. मी पाच मिनिटांत काय पाच महिन्यांत पण कोणाच्या कॅन्सरचं निदान करू शकत नाही, मी डॉक्टर नाही, माझ्या नावापुढे जो डॉ. आहे तो फिजिक्सचा आहे. त्या बाईला मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बायोप्सीला पाठवलं.

मग मी करते काय? हे तुम्हाला कोणी नीट सांगितलंच नाही, मी पण नाही, त्यात माझी चूक आहे. दर वेळी कोणी विचारलं की मी "मेडिकल इमेजिंग" म्हणून सटकायचे आणि पुढचं तुम्ही आपापल्या मनाने भरलंत. तर आता सांगते आणि त्यासाठी तुम्हाला आपल्या बोअरची आठवण करून द्यावी लागणार, सॉरी.

मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट. एप्रिल-मे आला की वाडीची विहीर तळ दाखवायची, एवढा धो धो पाऊस पडून सगळं पाणी जांभ्यातून झिरपून खाडीला जातं हे आपलं नशीब. मंडळाने वर्गणी काढली बोअर मारायला. आधी पाणाड्या आला, तळहातावर नारळ आडवा ठेवून सगळा मळा फिरला. मग कोणीतरी शहाण्याने म्हटलं की सायन्सने बघूया आणि कोल्हापूरहून मशीनवाला बोलावला. चार लोखंडी सळया, एक हातोडा, वायरची रिळं, बॅटरी आणि एक काटा हलणारा डबा. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत करंट सोडायचा, आतल्या दोन सळयांमध्ये व्होल्टेज किती येतं ते मोजायचं, आणि सळया लांब लांब नेत जायचं म्हणजे करंट खोल खोल जातो. सुका जांभा वीज नेत नाही, ओल असेल तिथे वीज जाते. सुक्या जमिनीत सळईला नीट कॉन्टॅक्ट मिळत नाही म्हणून त्याने एका पोराच्या हातात तांब्या दिलेला, प्रत्येक सळईच्या बुडात मिठाचं पाणी ओतायला. ते पोर म्हणजे मी.

आज लॅबमध्ये माणसाच्या छातीवर इलेक्ट्रोड लावायच्या आधी कातडीला जेल लावते ना, दर वेळी तो तांब्या आठवतो. काम तेच आहे. सुकी कातडी पण सुक्या जांभ्यासारखीच, करंट आत घेत नाही.

म्हणजे तुम्ही मला विचारता पोरी तू काय करतेस, तर मी माणसात बोअरचा सर्व्हे करते. ह्याला इलेक्ट्रिकल इम्पीडन्स टोमोग्राफी म्हणतात, ईआयटी. छातीभोवती पट्टा बांधायचा, त्यात १६ इलेक्ट्रोड. शेजारच्या दोघांतून बारीकसा करंट सोडायचा, काही मिलिअँपिअर, कळत पण नाही, आणि बाकीच्यांवर व्होल्टेज मोजायचं. मग करंटची जोडी एक घर पुढे सरकवायची, परत मोजायचं, असा पूर्ण गोल फिरायचा. १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये शेफिल्डला बार्बर आणि ब्राऊन ह्या दोघांनी हे चालवून दाखवलं. पण त्याच्यामागचं गणित कोणी मांडलं माहितीये? काल्देरॉन नावाच्या अर्जेंटिनाच्या माणसाने, १९८० साली. तो तरुणपणी तिकडच्या सरकारी तेल कंपनीत इंजिनियर होता. जमिनीच्या वरून वीज मोजून खाली काय आहे ते कळेल का, हा प्रश्न त्याला तिथे पडला, म्हणजे आपल्या मळ्यातलाच प्रश्न. पेपर लिहायला मात्र तीसेक वर्षं लावली, आपल्या नळपाणी योजनेसारखं.

आता ह्यातली गोम ऐका, कारण बॅनरवरची चूक इथेच आहे.

एक्स-रे सरळ जातो. सुटला तिथून समोर. करंट तसा जात नाही, पाटाचं पाणी बांध फुटल्यावर पसरतं तसा तो सगळीकडे पसरतो, जिथे वाट सोपी तिथे जास्त. त्यामुळे बाहेर मोजलेल्या आकड्यात आतल्या सगळ्याचंच थोडं थोडं मिसळलेलं असतं. आणि आकडे तरी किती? १६ इलेक्ट्रोडच्या एका पूर्ण फेरीत २०८ रीडिंग येतात, त्यातली निम्मी उलटसुलट करून तीच असतात, म्हणजे खरी माहिती १०४ आकड्यांची. तुमच्या मोबाईलच्या फोटोत लाखांनी ठिपके असतात, माझ्याकडे १०४. एवढ्यातून आतलं चित्र काढायचं, त्यात मोजण्यात केसभर चूक झाली की चित्र हातभर बदलतं. म्हणून ते चित्र धूसर येतं आणि कितीही हुशार प्रोग्राम लिहिला तरी काही प्रमाणात धूसरच राहणार.

गेल्या मे महिन्यात मी हे घरी करून दाखवलेलं. पडवीत प्लास्टिकचा निळा टब, त्याला गोल १६ स्टीलचे स्क्रू, विहिरीचं पाणी नि दोन चमचे मीठ, आणि मध्ये दोऱ्याने बांधून एक हापूस धरलेला. भाच्याने लॅपटॉप सांभाळला. स्क्रीनवर निळ्या रंगात एक डाग उमटला, आंबा डावीकडे सरकवला की डाग डावीकडे, उजवीकडे नेला की उजवीकडे. मला काय आनंद झाला. आई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "ह्यां काय गो, ढग?" मी म्हटलं अगं तो आंबा आहे. तर म्हणते, "मग भितर साको आसा काय नाय तां सांगता काय तुजां मशीन?"

नाही सांगत. बागायतदाराच्या बायकोने एका वाक्यात माझ्या पूर्ण विषयाची मर्यादा सांगितली. आंबा कुठे आहे ते कळतं, हलला तर कळतं, आत साका आहे का, म्हणजे गर आतून पांढरा नि स्पंजासारखा खराब झालाय का, हे त्या ढगात दिसत नाही. मी तिला म्हटलं की अगं एमआरआयचं नोबेल २००३ साली ज्या लॉटरबरला मिळालं त्याने १९७३ मध्ये छापलेलं पहिलं चित्र पण पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचंच होतं, दोन ठिपके फक्त. तिने ऐकून घेतलं आणि आंबा टबातून काढून, धुवून, फोडींसाठी नेला. साका नव्हता.

मग हा ढग कशाच्या कामाचा? आयसीयूत फुप्फुसं बघायला, तिथे तो खरंच उपयोगी आहे. फुप्फुसात हवा भरली की वीज अडते, हवा गेली की जाते, म्हणजे प्रत्येक श्वासाला चित्र बदलतं. पेशंट व्हेंटिलेटरवर असला की हवा दोन्ही बाजूंना सारखी जातेय का, खालचा भाग मिटून बसलाय का, प्रेशर वाढवलं तर उघडतोय का, हे पट्टा बांधून बेडवरच बघता येतं, सेकंदाला कितीतरी चित्रं. पेशंटला उचलून कुठे न्यायला नको, एक्स-रेचं रेडिएशन नाही. बाहेरच्या देशातल्या आयसीयूत अशी मशीनं वापरात आहेत. आपल्याकडे पण वीज लावून रक्ताचा प्रवाह मोजायची उपकरणं मुंबईत बीएआरसीने कधीच बनवली. आणि जिममध्ये जो वजनकाटा पायाला वीज लावून चरबी सांगतो तो ह्याच घराण्यातला, फक्त त्याचं जास्त मनावर घेऊ नका, पाणी पिऊन चढलात तर आकडा बदलतो.

आता एमआरआय आणि वीज एकत्र कुठे येतात ते, कारण माझं रोजचं काम ते आहे. बाहेरून मोजून आतलं नीट कळत नाही ना, मग आतच मोजलं तर? माणसाला किंवा माझ्यासारखीच्या बाबतीत चायना ग्रासच्या जेलीच्या गोळ्याला एमआरआय मशीनमध्ये ठेवायचं आणि दोन इलेक्ट्रोडने करंट सोडायचा. करंट वाहिला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे शाळेत होकायंत्र नि सेल घेऊन आपण सगळ्यांनी केलंय. ते क्षेत्र एमआरआयच्या सिग्नलमध्ये बारीकशी गडबड करतं आणि ती गडबड ठिपक्याठिपक्याला मोजता येते. कॅनडात टोरांटोला १९८९ मध्ये हे पहिल्यांदा जिवंत शरीरात दाखवलं. अडचण अशी होती की क्षेत्राच्या तिन्ही दिशा हव्या असतील तर वस्तू मशीनमध्ये उभी आडवी फिरवायला लागते, माणसाला त्या बोगद्यात आडवं कसं वळवणार. २००० नंतर दक्षिण कोरियातल्या लोकांनी, क्युंग ही आणि योन्से युनिव्हर्सिटीतल्या, एकाच दिशेच्या मापावरून काम भागेल असं गणित बसवलं. त्याला एमआरईआयटी म्हणतात. चित्र ईआयटीपेक्षा कितीतरी स्वच्छ येतं.

पण केवढं लहान माप ते बघा. मशीनचा चुंबक ३ टेस्ला (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप). आम्ही शोधतो ते नॅनोटेस्लात, म्हणजे त्या चुंबकाच्या अब्जावा हिस्सा. शिमग्याला पालखीपुढे ढोल वाजत असताना त्याच मांडावर एक डास गुणगुणतोय तो ऐकायचा, तसं. ऐकू येण्यासाठी डास मोठा करावा म्हणजे करंट वाढवावा तर माणसाला झटका बसतो, स्नायू आखडतात. म्हणून हे अजून लॅबमध्येच आहे, तुमच्या-माझ्या हॉस्पिटलात नाही. दुसरी एक पद्धत आहे ज्यात वेगळा करंट सोडावाच लागत नाही, मशीनच्या स्वतःच्या रेडिओलहरी शरीरात शिरताना कशा बदलतात त्यावरून हिशोब करतात, ती जास्त पुढे जाईल असं माझं मत आहे, माझ्या गाईडचं नाही, आमचं त्यावरून भांडण होतं.

आता कॅन्सर. हे कुठून आलं ते मला माहितीये, मीच मागच्या गणपतीत बोलून गेले होते की गाठीमध्ये पाणी नि सोडियम जास्त असतं म्हणून ती आजूबाजूच्या चरबीपेक्षा वीज जास्त नेते. हे खरं आहे. भाईकाकांनी ते ऐकलं, भाईकाकांनी ते मुंबईला सांगितलं, मुंबईने ते फ्लेक्सवाल्याला सांगितलं.

पण आपल्या बोअरचं काय झालं होतं?

मशीनवाल्याने मळ्यात खाडीच्या अंगाला एक जागा दाखवली, म्हणाला इथे काटा एकदम पडतोय, वीज मस्त जातेय, मारा इथेच. मारलं. पाणी आलं, फेसाळत आलं, नारळ फुटला, पेढे निघाले, आणि मग बाबल्याच्या आजोबांनी ओंजळ तोंडाला लावून थुंकली. खारट. समुद्राचं पाणी गोड्या विहिरीच्या पाण्यापेक्षा शंभरपट, त्याहून जास्तच वीज नेतं, त्यामुळे काटा पडणारच होता. लोकांनी मशीनवाल्याला शिव्या घातल्या, पुढची दोन वर्षं घातल्या. पण मीटर खोटं बोललं नव्हतं हो. मीटरला आपण विचारलं वीज जाते का, त्याने सांगितलं जाते. गोडं आहे का हे विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्याला ते सांगता येत नव्हतं.

गाठीचं तसंच आहे. वीज जास्त नेणारी प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, साधी सूज पण नेते, पाण्याची गाठ तर मस्त नेते. ते ठरवायला तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली ठेवणारा माणूस लागतो, आज पण लागतो. त्या बोअरवर आपण पैसे घालवले, निदान कोणाचा जीव तरी गेला नाही. बॅनरवर तशी खात्री मी देणार नाही.

दुसरा विषय, सेकंडहँड मशीनचा. मिटिंगचं इतिवृत्त मी वाचलं. मुंबईच्या एका एजंटने मंडळाला जुनं १.५ टेस्लाचं एमआरआय "अगदी स्वस्तात" देऊ केलंय नि आपण ते तालुक्याच्या ठिकाणी दान द्यायचं, वर मंडळाचं नाव कोरायचं, असं ठरतंय. मला न विचारता ठरतंय हे विशेष, बॅनरवर फोटो माझा आहे ना?

त्या मशीनचा चुंबक म्हणजे नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचं वेटोळं, उणे २६९ डिग्रीच्या द्रव हेलियममध्ये बुडवलेलं. हेलियम आपण बाहेरून आणतो. तो थंड ठेवायला कॉम्प्रेसर नि चिलर चोवीस तास, बाराही महिने चालू लागतो, पेशंट असो नसो. आपल्याकडे मिरगाचं पहिलं वादळ आलं की वीज कधी जाते नि कधी येते हे महावितरणच्या वायरमनला पण माहीत नसतं, दोन-तीन दिवस काळोख ही काय बातमी नाही. चिलर थांबला की हेलियम उकळून उडायला लागतो, आणि पुरता उडाला की तुमच्याकडे काही टनांचं एक महागडं पिंप उरतं. ते परत भरून घ्यायचा खर्च आपली दहा वर्षांची वर्गणी. आणि हे खाऱ्या वाऱ्यात, जिथे माझ्या स्कूटीचा सायलेन्सर दोन पावसाळ्यांत गळला तिथे, छपरावर ठेवलेला चिलर किती टिकणार?

वर खोलीला चारी बाजूंनी तांब्याचा पिंजरा लागतो, कारण १.५ टेस्लाचं मशीन ६४ मेगाहर्ट्झला ऐकत असतं आणि ३ टेस्लाचं १२८ ला, म्हणजे तुमच्या एफएम रेडिओच्या अलीकडे नि पलीकडे, बाहेरचा खरखराट आत शिरला तर चित्राची वाट. आणि चुंबक कधी बंद नसतो. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका हॉस्पिटलात एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला, पेपरात सगळ्यांनी वाचलंय. दारात कोणाला अडवायचं हे माहीत असलेला माणूस तिथे हवा, चोवीस तास. आणि राहता राहिला आपला साकव, ज्यावरून चिऱ्याचा ट्रक जाताना आपण सगळे श्वास रोखून धरतो, त्यावरून तो चुंबक कोण आणणार ते पण इतिवृत्तात लिहा.

मी एमआरआयच्या विरोधात नाही, माझं पोट त्यावर आहे. लहान, कमी ताकदीची मशीनं आता येतायत. ०.०६४ टेस्लाचं एक चाकांवरचं मशीन अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं, ते साध्या सॉकेटला लागतं. हॉलंडमधल्या लायडनच्या लोकांनी साध्या कायमच्या चुंबकांचे तुकडे गोलात बसवून एक डिझाईन केलं आणि तसं एक मशीन युगांडात म्बाराराला तिथेच जोडून उभं केलं, डोक्यात पाणी साठलेल्या लहान मुलांसाठी. हेलियम नाही, पिंजरा नाही. चित्र कमी स्वच्छ, पण मेंदूत पाणी साठलंय का हे कळायला पुरतं. आपल्या देशात पण समीर म्हणून संस्था आहे पवईला आयआयटीच्या आवारात, ती १.५ टेस्लाच्या मशीनवर काम करतेय, बंगळुरूच्या व्होक्सेलग्रिड्स कंपनीने एक बनवून दाखवलं. थांबूया की जरा. दान करायचंच तर पाच-सात वर्षांनी खारा वारा नि वायरमन दोघांना पुरून उरेल असं काहीतरी करू.

आता जे लिहायला मला जड जातंय ते.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आप्पांना अर्धांगाचा झटका आला ते तुम्हाला माहितीये, तुम्हीच तर डोलीसारखं खुर्चीत बसवून साकवापर्यंत आणलंत. पहाटेचे साडेपाच, तोंड वाकडं, डावा हात लुळा. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, पण त्याआधी रक्तस्राव नाही ना हे बघावं लागतं, आणि ते बघायला साधा सीटी स्कॅन पुरतो, एमआरआय लागत पण नाही. आम्ही जिथे पहिल्यांदा पोचलो (नाव घेत नाही, नाव घेऊन काय होणार, दुसरीकडे पण तेच असतं) तिथे सीटी मशीन होतं. चांगलं होतं, नवीन. चालवणारा माणूस नव्हता. एक सुट्टीवर, दुसरी जागा कधीची रिकामी. खोलीला कुलूप आणि काचेतून आत ते मशीन दिसतंय, वर प्लास्टिकचं कव्हर. मी, इमेजिंगमधली डॉक्टरेट, त्या काचेला नाक लावून उभी होते. मला चित्र कसं तयार होतं ते समीकरणासकट माहीत होतं नि ते मशीन चालू करायचा मला ना अधिकार ना सराव. मग घाट. घाटात दरड, एकाच बाजूने वाहतूक. कोल्हापूरला पोचलो तेव्हा साडेचार तास केव्हाच गेले होते.

आप्पांचा डावा हात आज पण उठत नाही. अडकित्त्याला दोन हात लागतात. तो आता खुंटीला टांगलेला आहे, सुपारी आई कातरून देते नि ते म्हणतात जाड कातरलीस.

तर भाईकाका, मशीन आपल्याकडे होतं. वाचणारा, चालवणारा माणूस नव्हता. बोअरच्या वेळी पण तेच, काटा होता, काटा काय सांगतोय ते समजणारा नव्हता. म्हणून माझं मागणं असं आहे की त्या एजंटला नाही सांगा, टोकन दिलं असेल तर परत मागा, आणि जमलेल्या निधीतून (आकडा इथे लिहीत नाही, खजिनदारांचं बीपी) वाडीतल्या दोन पोरांना रेडिओग्राफीच्या कोर्सला घाला. बारावी सायन्सनंतरचा डिग्रीचा घ्या, चांगल्या सरकारी कॉलेजातला, फी कमी असते, खर्च होतो तो मुंबई-पुण्यात राहण्याजेवणाचा आणि तिथेच आपली पोरं अडतात. दोघांतली एक तरी मुलगी हवी, बायका तपासणीला लाजतात नि उशीर करतात हे मला पडवीत बसून परत कळलं. बॉण्ड लिहून घेऊ नका, गावात परत ये म्हणून शपथ पण घालू नका, मी कुठे आले परत. पण जिल्ह्यात जागा रिकाम्या आहेत आणि एखादी तरी येईल. कोणाला घालायचं ते मी ठरवणार नाही, माझी भाची बारावीला आहे, म्हणजे मिटिंगला मी बाहेर बसेन.

रिकाम्या जागा भरणं सरकारचं काम आहे, मंडळाचं नाही, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. तिकडे मी वेगळा अर्ज केलाय, पोचपावती आली, उत्तर यायचंय. ते येईपर्यंत कोर्सची एक बॅच सुरू होऊन जाईल.

शाल-श्रीफळाचा कार्यक्रम पूजेच्या दिवशी ठेवलाय असं कळलं. तो नको. त्याऐवजी शाळेचा हॉल अर्धा दिवस द्या, मी टब घेऊन येते. ह्या वेळी ३२ स्क्रू लावलेत, ढग जरा बरा दिसतो. पोरांना जे पाण्यात टाकायचं ते टाकू दे, शहाळं, करवंटी, मोबाईल सोडून काही पण. आणि कोणी विचारलं की आत साका आहे का, तर त्याचं उत्तर मी आईला द्यायला लावेन.

ग्रुपवर एक मेसेज टाका, साधा, की बॅनरवरचा मजकूर चुकीचा होता, कोणाला डॉक्टरने तपासणी सांगितली असेल तर ती करून घ्या, थांबू नका. मेसेज मी लिहून देते. फॉरवर्ड मात्र तुम्हीच करा, तुमचं लोक ऐकतात.

आणि बॅनर आज उतरवाल तर फाडू नका, कडेच्या रिंगा पण तशाच ठेवा. पाऊस आठवड्यावर आलाय, आईने लाकडं झाकायला तो आधीच मागून ठेवलाय. फोटो खालच्या बाजूला करून घालणार म्हणाली.